अव्वा, तुझी तीन आठवड्यांची कातडी

अव्वा,

काल तुझ्या भावाला, मामांना, गडहिंग्लजच्या एसटीत बसवून आले. आता घरात अण्णा आणि मी. अण्णा दारातल्या खुर्चीवर बसून रस्त्याकडं बघताहेत, आणि मी तुझ्याशी बोलायला बसले आहे. आपला वाद अर्धाच राहिला. तू तुझं म्हणणं सांगितलंस आणि माझं ऐकून न घेता गेलीस. तसं ते नेहमीचंच होतं. शेवटचा शब्द तुझाच असायचा.

तू या घरात आलीस तेव्हा मी दुसरीत होते. माझी आई जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. शाहूपुरीच्या मागच्या बोळातल्या या दोन खोल्या, हार्डवेअरच्या दुकानात नोकरी करणारे अण्णा, आणि तू एक पत्र्याची ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन आलेली. शेजारच्या बायका मला पुढं ढकलत होत्या, हिला आई म्हण, म्हण की. माझ्या तोंडातून शब्द निघेना. तू मला बाजूला घेतलंस, माझ्यापुढं उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "मला आई म्हणू नको. तुझी आई ती फोटोतली. आमच्याकडं आईला अव्वा म्हणत्यात. त्ये नाव ह्या घरात अजून कुणाचं न्हाई, म्हणून त्ये माझं."

मला ते एकदम पटलं. कुणाचं काही काढून न घेता तू तुझी जागा केलीस. इतकी सोपी गोष्ट मोठ्या माणसांना सुचत नाही, हे मला आता कळतंय.

तू आल्यानंतरची दुसरी दिवाळी. तू मला गुलाबी नायलॉनचा फ्रॉक शिवलास, खाली झालरींवर झालरी. अण्णांचं म्हणणं होतं की सुती शिव, थंडीला बरा. तू म्हणालीस, सणाला पोरीच्या अंगावर चमकायला नको का? संध्याकाळी मी उंबऱ्यावर पणत्या मांडत होते. एक लावून दुसरीसाठी वाकले आणि मागची झालर पहिल्या पणतीवर गेली. नायलॉन पेटतं तसं वितळतं आणि अंगाला चिकटतं. मी बोळात पळत सुटले. पळाल्यानं आग वाढते हे मला कुठं ठाऊक. तू आतून वाकळ घेऊन आलीस, मला त्यात गुंडाळून जमिनीवर लोळवलंस आणि पेटलेल्या झालरी हातांनी दाबत राहिलीस. मग बादल्यांवर बादल्या पाणी ओतलंस. कुणी शाई लावा म्हणत होतं, कुणी टूथपेस्ट आणली होती. तू एकालाही माझ्याजवळ येऊ दिलं नाहीस. ओल्या चादरीत गुंडाळून मला रिक्षात घातलंस आणि दवाखान्यापर्यंत माझ्याशी बोलत राहिलीस. काय बोललीस ते आठवत नाही. आवाज आठवतो.

भाजलेलं मूल आलं की दवाखान्यातून पोलिसांना कळवतात. त्यात आई सावत्र. दुसऱ्या दिवशी एक हवालदार आले. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, स्टूल माझ्या कॉटजवळ ओढलं आणि विचारलं, बाळ, घाबरू नको, खरं काय झालं ते सांग, कुणी काही केलं का? तू बाहेर व्हरांड्यात उभी होतीस. काचेतून तुझे दोन्ही हात दिसत होते, पट्ट्या बांधलेले, छातीशी धरलेले.

आत मी काय सांगितलं ते तू मला आयुष्यभर विचारलं नाहीस. मीही आपणहून बोलले नाही. आज सांगते. मी म्हणाले, पणतीवर फ्रॉक पेटला आणि अव्वानं विझवला. ते म्हणाले, अव्वा कोण? मी म्हणाले, ती काय, बाहेर उभी आहे. तिचे हात बघा. त्यांनी काचेतून पाहिलं, थोडा वेळ पाहतच राहिले, आणि उठले. जाताना तुझ्यापाशी थांबून काहीतरी बोलले. काय बोलले ते तूही कधी सांगितलं नाहीस. आपल्या दोघींत एवढं एकच न बोललेलं राहिलं होतं. माझ्या बाजूचं अर्धं आता तुला दिलं.

माझे दोन्ही पाय मागून, कंबर आणि पाठीचा खालचा भाग खोल भाजला होता. भाजलेल्यांच्या वॉर्डातले सर्जन उंच, कमी बोलणारे होते. त्यांनी अण्णांना आणि तुला बोलावून समजावलं. जखम उघडी राहिली तर अंगातलं पाणी झिरपून जातं आणि जंतू शिरतात. वरून कातडी घालायला हवी. तिची स्वतःची घेऊ, पण पोरीच्या अंगावर धड कातडी उरली आहे थोडी. एकदा घेतली की ती जागा भरून यायला वेळ लागतो, मगच तिथून परत घेता येते. तोवर दुसऱ्या कुणाची तरी झाकायला हवी. अण्णांना नुकतीच कावीळ होऊन गेली होती, त्यामुळं त्यांची चालणार नव्हती. तू लगेच म्हणालीस, "माझं घ्या."

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, अव्वा. अण्णा साक्षीला आहेत. ते म्हणाले होते, तुमची कातडी हिच्या अंगावर कायमची राहणार नाही. दोन-तीन आठवडे राहील, मग शरीर ती टाकून देईल. पण ते दोन-तीन आठवडेच हिला वाचवतील. तू मान डोलावलीस. पण तुझ्या डोक्यात फक्त "घ्या" एवढंच होतं, पुढचं तू ऐकलंच नाहीस.

तुझ्या दोन्ही मांड्यांवरून पातळ पापुद्रा काढला. पुढं शिकताना मला कळलं की जिथून कातडी घेतात ती जागा भाजलेल्या जखमेइतकीच दुखते, कारण तिथल्या मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात. तू पाय फाकवून, भिंतीला धरून धरून माझ्या कॉटपर्यंत यायचीस. नर्सबाई ओरडायच्या. तू म्हणायचीस, जनरल वॉर्डात पडून काय करू, हितं बसलो की बरं वाटतंय. माझ्या पायांवर पट्ट्यापट्ट्यांनी कातडी लावली होती, एक पट्टी माझी, एक तुझी. ड्रेसिंग उघडलं की तू वाकून बघायचीस. पहिल्या आठवड्यात तुझ्या पट्ट्या माझ्या पट्ट्यांपेक्षा छान दिसत होत्या. गुलाबी, घट्ट बसलेल्या. तू नर्सबाईंना म्हणालीस, "माझं चांगलं धरलंय की." मला ताप असायचा, अर्धं भान नसायचं, पण तुझ्या आवाजातला आनंद मला अजून ऐकू येतो.

माझा ताप उतरला, मी खाऊ लागले. आणि मी जशी बरी होत गेले तशी तुझी कातडी जायला लागली. आधी लाल झाली, मग काळपट, मग कडा सुटल्या. एका सकाळी ड्रेसिंगबरोबर तिचा तुकडाच निघून आला. माझ्या पट्ट्या मात्र जागच्या जागी होत्या आणि कडेनं वाढत होत्या. समोरच्या कॉटवरच्या पेशंटची सासू ते बघत होती. म्हणाली, सख्खी न्हवं ना, म्हणून अंगानं घेतलं न्हाई.

तू तशीच डॉक्टरांकडं गेलीस. म्हणालीस, परत घ्या, ह्या बाजूनं घ्या, पोटावरनं घ्या. डॉक्टर म्हणाले, आता तुमची घेऊन उपयोग नाही. हिच्या शरीरानं तुम्हाला ओळखून ठेवलंय. या वेळी आणखी लवकर टाकून देईल.

ते शास्त्र सांगत होते. तुला मात्र ते काहीतरी वेगळंच ऐकू आलं. परत येऊन तू अण्णांना म्हणालीस, "पोरीच्या अंगानं मला ओळखून ठेवलंय म्हणं. आता आत येऊ द्यायचं न्हाई." आणि पदर तोंडाला लावून बसून राहिलीस.

तोवर माझ्या स्वतःच्या मांडीची जागा भरून आली होती. तिथली कातडी परत घेतली, जाळीसारखी ताणून लावली, आणि मी जगले. तू झाकून ठेवलेल्या त्या आठवड्यांत मी जगले. हा माझा मुद्दा होता आणि आहे.

घरी आल्यावरचा काळ दवाखान्यापेक्षा कठीण होता. भाजलेली कातडी भरताना आखडते, गुडघे वाकलेले राहू शकतात. रोज तेल लावून पाय ताणायचा व्यायाम तुला शिकवला होता. मी किंचाळायचे. बोळभर आवाज जायचा. बायका म्हणायच्या, सावत्र आई पोरीचे हाल करते. एक जण तर सरळ दारात येऊन तुला बोलून गेली. तू तिला आत बोलावलंस, माझा पाय तिच्या हातात दिलास आणि म्हणालीस, "तुमी ताणा. हळूच ताणा. पर गुडघा सरळ झाला पायजे." ती दोन मिनिटांत उठून गेली. तू परत बसलीस आणि ताणायला लागलीस. माझ्याबरोबर तूही रडायचीस, पण हात सैल सोडायची नाहीस. वण फुगू नयेत म्हणून घट्ट मोजे लागायचे. ते तू जाड ताणाच्या कापडाचे शिवायचीस. मी वाढले की उसवून नवे. शाळेत स्कर्ट होता. तू मोठ्या बाईंना भेटून मला सलवार घालायची परवानगी आणलीस. त्यांच्यापुढं काय बोललीस माहीत नाही, पण पुढच्या वर्षी शाळेनं सगळ्याच मुलींना सलवारीची मोकळीक दिली.

मी आज सरळ चालते. वर्गात पाच-पाच तास उभी राहून शिकवते.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला शरीराच्या संरक्षणयंत्रणेचा भाग होता. सर फळ्यावर लिहीत होते आणि मला वाटत होतं, हे माझ्याच पायांबद्दल सांगताहेत. प्रत्येकाच्या पेशींवर खुणा असतात. अर्ध्या आईकडून येतात, अर्ध्या वडिलांकडून. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या खुणा तपासत फिरतात. परकी खूण दिसली की त्यातल्या काही वाढतात, पलटण उभी करतात आणि त्या परक्या पेशी मारतात. आणि ती खूण लक्षात ठेवतात, म्हणून दुसऱ्या वेळी जलद येतात. भाजलेलं अंग अशक्त असतं, पलटण उभी करायला त्याला वेळ लागतो, म्हणून कातडी काही दिवस जास्त टिकते. अंग सुधारलं की ती जाते. म्हणजे तुझी कातडी गेली ती मी बरी झाले म्हणून गेली, अव्वा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, सख्ख्या आईचीही राहत नाही. जुळ्या भावंडाची, तीही अगदी एकसारख्या जुळ्याची असेल, तरच राहते.

मी त्या दिवशी कॉलेजातून जवळजवळ धावत आले. तू भाकरी थापत होतीस. मी पाटावर बसून तुला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांचं तुझ्या मनातलं काढून टाकायला मी निघाले होते. तू भाकरी उलटलीस, फुगू दिलीस, आणि विचारलंस, "मंजे तुझ्या सख्ख्या आईचंबी गेलं असतं?"

"गेलं असतं."

"फोटोतल्या आईचंबी?"

"तिचंही."

पुढची भाकरी तव्यावर टाकलीस. मला वाटलं, जिंकले. मग तू म्हणालीस, "पर तिचं जरा उशिरा गेलं असतं न्हवं?"

मी अडकले. खोटं बोलता येईना. आईच्या निम्म्या खुणा मुलाशी जुळतात, त्यामुळं तिची कातडी कदाचित एखाद-दोन दिवस जास्त राहिली असती. मी तसं म्हणाले. तू पीठ हातावर झटकलंस. "त्येच म्हणतो की मी," म्हणालीस, आणि विषय संपला.

तिथून तो वाद कधीच सुटला नाही. मी शिकवायला लागले, दर वर्षी तो धडा आला की घरी येऊन तुला नवीन काहीतरी ऐकवायचे. तू ऐकायचीस, मजेनं ऐकायचीस, आणि शेवटी तोच एखाद-दोन दिवस बाहेर काढायचीस. तुला खरंच दुःख होतं की मला चिडवायला म्हणत होतीस, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सुरुवातीला दुःख असावं. पुढं पुढं तुझ्या ओठांच्या कोपऱ्यात हसू असायचं.

गेल्या वर्षी मी तुला डोळ्याचं सांगितलं. बुब्बुळावर जो पारदर्शक पडदा असतो त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळं पांढऱ्या पेशींचा तिथं फारसा फेरा नसतो. म्हणून एकाचा पडदा दुसऱ्याला बसवला तर शरीर बहुतेक वेळा ओरडत नाही. रक्ताचं नातं लागत नाही, खुणाही बहुधा जुळवून बघत नाहीत. तू मेथी निवडत होतीस, बाजारात भाजीवाले जिची धास्ती घ्यायचे त्याच नजरेनं. हात थांबला. "कुणाचंबी कुणाला चालतंय?"

"चालतं."

"सावत्राचंबी?"

मला हसू आलं. म्हणाले, शत्रूचंही चालेल.

"मग माझं देऊन टाका," तू म्हणालीस. "मी गेल्यावर. इसरू नका." आणि अण्णांना हाक मारून त्यांच्याकडूनही हो म्हणवून घेतलंस. पुढं बोळात सगळ्यांना सांगत फिरलीस, माझं डोळं मी दिल्यात. जणू दिवाळीचा फराळ वाटून आलीस.

त्या सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत तू गेलीस. ते मी लिहीत नाही. घरी आणल्यावर शेजारच्या बायका तुला आंघोळ घालायला आल्या, मी त्यांच्यात होते. लुगडं सोडलं तेव्हा तुझ्या मांड्यांवरचे फिकट चौकोन दिसले. आजूबाजूच्या कातडीपेक्षा पांढरे, कडा अगदी सरळ. एका नव्या शेजारणीनं विचारलं, हे काय? माझ्या किंचाळण्यावरून दारात येऊन तुला बोलून गेली होती तीच म्हातारी म्हणाली, "हिनं पोरीला दिलं त्ये." आणि तिनं त्या जागेवर कोमट पाणी घातलं, हातानं, अगदी हळू, अजून दुखत असावं तसं.

दुपारी नेत्रपेढीची माणसं आली. तोवर मामा पोचले होते. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, आमच्या अक्काला डोळ्यांशिवाय पाठवायचं नाही, पुढच्या जन्मी आंधळी येईल. मी पुढं होऊन सांगितलं की तिचीच इच्छा होती. मामा रडत होते, रागात होते. ते मला म्हणाले, "तू कोण ठरवणार? तू काय तिच्या पोटची हाईस?"

नेत्रपेढीचा मुलगा हातातली पेटी धरून खाली बघत राहिला. मला हेच वाक्य शास्त्रात खोडता येतं, तुला कितीदा खोडून दाखवलं होतं, पण मामांपुढं शब्द येईनात.

तेव्हा अण्णा उठले. तुला माहीत आहे, अण्णा पाहुण्यांत तोंड उघडत नाहीत. ते मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पावणं, ही तिचीच हाय. तिनं कातडं काढून दिलंय हिला. डोळ्याचंबी तिनंच सांगितलंय. आत जाऊ द्या त्यास्नी."

मामा बाजूला झाले. नंतर तुझ्या उशाशी बसून त्यांनी तुझ्या मिटलेल्या पापण्यांवरून हात फिरवला. डोळे गेले आहेत असं वाटतच नव्हतं. मग तेही शांत झाले. काल एसटीत चढताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, सुट्टी पडली की गावाकडं ये, अव्वाचं घर बघून जा.

चार दिवसांपूर्वी नेत्रपेढीतून फोन आला. तुझे दोन्ही पडदे दोन वेगळ्या माणसांना बसवले. नावं सांगत नाहीत. दोघंही याच जिल्ह्यातले आहेत एवढं कळलं. एकाची पट्टी काढली, पडदा स्वच्छ आहे, त्याला दिसतंय. दुसऱ्याचंही ठीक चाललंय. मी विचारलं, शरीरानं नाकारायची लक्षणं? ते म्हणाले, काही नाही, थेंब घालायला दिलेत, वर्षभर लक्ष ठेवू.

मी येऊन अण्णांना सांगितलं. ते ऐकत राहिले. मग खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. म्हणाले, "त्या दोघास्नी आता बाजारात कुणी किडकं वांगं देऊ शकणार न्हाई."

डोळ्याचा तो नुसता पडदा असतो, बघणं ज्याचं त्याचंच असतं, हे मी वर्गात दर वर्षी सांगते. अण्णांना मी ते सांगितलं नाही. मीही हसले, आणि आम्ही दोघांनी चहा केला.